विंडोज १० नंतरचा घरचा संगणक : सांगलीतील एका कुटुंबाच्या निवडीचा अभ्यास

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नियमित सुरक्षा-अद्यतने देणे थांबवले. २९ जुलै २०१५ रोजी आलेली ही प्रणाली दहा वर्षे चालली. त्या काळात घेतलेले कितीतरी घरगुती संगणक आजही सुस्थितीत आहेत, मात्र त्यांना पुढची सरळ वाट उरलेली नाही. कारण विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, सिक्युअर बूट आणि साधारणतः इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा किंवा एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर लागतो. सांगलीतील एका कुटुंबाने या पेचातून वाट कशी काढली, कोणते पर्याय कोणत्या कारणांनी सोडले आणि निर्णयानंतर काय घडले, याची ही नोंद आहे. सल्ला देण्याचे आणि पुढची जोडणी करून देण्याचे काम माझ्याकडे होते.

घरात चौघे राहतात. आबा निवृत्त माध्यमिक शिक्षक असून गावाचा इतिहास, घराण्यांच्या वंशावळी आणि आपली व्याख्याने ते गेली वीस वर्षे संगणकावर लिहीत आले आहेत. त्यांच्या सूनबाई घरूनच छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितात आणि जीएसटीची विवरणपत्रे भरतात. त्यांचा दिवस टॅलीप्राइम हा हिशेबाचा प्रोग्रॅम आणि डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन यांवर चालतो. नात अकरावी विज्ञान शाखेत आहे आणि एमएचटी-सीईटीची तयारी करते. मुलगा नोकरीसाठी रोज कोल्हापूरला ये-जा करतो. संगणकाशी त्याचा संबंध मुख्यतः फोटो साठवण्यापुरता आणि खर्च उचलण्यापुरता. संगणक २०१६ मध्ये जुळवून घेतलेला होता : सहाव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क आणि १९ इंची मॉनिटर. तो सुरू होऊन हाताशी यायला चहा उकळण्याइतका वेळ लागे. शिवाय अधूनमधून त्याची तारीख काही वर्षे मागे जाई आणि मग बँकेचे संकेतस्थळ उघडत नसे.

हा शेवटचा दोष घरच्यांना फार मोठा वाटत होता आणि नवा संगणक घेण्याचे ते एक प्रमुख कारण झाले होते. प्रत्यक्षात मदरबोर्डवरील सीआर २०३२ ही नाण्याच्या आकाराची बॅटरी संपली होती. वीज गेली की घड्याळ मूळ तारखेवर परते, आणि तारीख चुकली की संकेतस्थळाचे सुरक्षा-प्रमाणपत्र ब्राउझरला अवैध दिसे. थोड्या रुपयांची बॅटरी बदलल्यावर बँक उघडू लागली. हे येथे मुद्दाम सांगतो, कारण संगणक ‘गेला’ असा निष्कर्ष ज्या लक्षणांवरून काढला जातो, त्यांतली बरीचशी लक्षणे एकेका स्वस्त सुट्या भागाची असतात. प्रत्येक तक्रार वेगळी तपासल्याशिवाय संपूर्ण यंत्राबद्दल मत बनवणे योग्य नाही.

खर्चाची मर्यादा चाळीस हजार रुपये ठरली होती. मुलाने एका दुकानातून दरपत्रक आणले होते. त्यात नवा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि रंगीत दिवे असलेली काचेची कॅबिनेट होती, आणि खाली ‘विंडोज ११ टाकून देऊ’ एवढेच लिहिले होते. परवान्याचा उल्लेख नव्हता. ज्या संगणकावर दुसऱ्यांचे हिशेब आणि कोणाच्या तरी स्वाक्षरीचे टोकन चालणार, त्यावर विनापरवाना प्रणाली ठेवणे मला कोणत्याही बचतीसाठी मान्य नाही. अशी प्रत कोणी, कोठे आणि कशी बदललेली आहे हे दुकानदारालाही माहीत नसते. त्या दरपत्रकातली दुसरी उणीव अधिक खोल होती. यंत्राच्या प्रत्येक भागाचे त्यात वर्णन होते, पण या घरातली कोणती कामे त्यावर होणार आहेत हा प्रश्न दुकानात कोणी विचारलाच नव्हता.

म्हणून खरेदी थांबवून संगणकाशेजारी एक वही ठेवली. कोण बसले, कोणते काम केले, कोणता प्रोग्रॅम उघडला आणि कोणते उपकरण जोडले, एवढे प्रत्येकाने आठवडाभर लिहायचे ठरले. आठवड्याअखेर वही वाचली तेव्हा चित्र बरेच सोपे झाले. नातीचे जवळजवळ सर्व काम ब्राउझरमध्ये होत होते : व्हिडिओ तासिका, सराव परीक्षा आणि थोडे पायथॉन. ग्राफिक्स कार्ड लागेल असे एकही काम वहीत नव्हते. विंडोजशी घट्ट बांधलेल्या गोष्टी तीनच निघाल्या. टॅलीप्राइम विंडोजसाठीच बनते, स्वाक्षरीच्या टोकनाची बरीचशी सोय विंडोज गृहीत धरून केलेली असते, आणि तिसरी गोष्ट म्हणजे आबांच्या जुन्या फाइली. एक गोष्ट वहीमुळेच उघड झाली : मासिक विवरणपत्रांच्या ११ आणि २० तारखा जवळ आल्या की संगणक सूनबाईंच्या हातून सुटत नसे, आणि नातीच्या सराव परीक्षा नेमक्या त्याच संध्याकाळी अडत. एका घरात एकच संगणक पुरे, हे गृहीतक तेथेच डळमळीत झाले.

आबांच्या फाइली

या प्रकरणाचा खरा गाभा येथे आहे. आबांनी शेकडो वर्ड फाइली युनिकोड ही अक्षरे साठवण्याची सर्वमान्य पद्धत रुळण्यापूर्वीच्या फाँटांत टंकल्या होत्या. श्रीलिपी, आयएसएम, आकृती, शिवाजी अशा प्रणालींनी आणि फाँटांनी ज्या काळात मराठी संगणकावर आणली, त्या काळातल्या अनेक लेखकांची आणि छापखान्यांची हीच स्थिती आहे. अशा फाइलीत ‘क’ हे अक्षर ‘क’ म्हणून साठवलेले नसते. तेथे रोमन लिपीतले एखादे चिन्ह असते आणि विशिष्ट फाँट त्या चिन्हाच्या जागी देवनागरीचा आकार दाखवतो. फाँट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता दिसतो. आबांना ही गोष्ट नवी होती. ‘म्हणजे मी लिहिलंय ते मराठीत साठलेलंच नाही?’ असे त्यांनी विचारले, आणि उत्तर ऐकून ते बराच वेळ अस्वस्थ होते. ही अस्वस्थता रास्त आहे, आणि ती महाराष्ट्रातल्या आणखी पुष्कळ घरांत वेळीच निर्माण व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते.

पहिला विचार असा होता की या फाइलींसाठी जुने फाँट आणि जुनी प्रणाली तशीच सांभाळावी. तो सोडून दिला, कारण प्रत्येक नव्या यंत्राबरोबर ही अडचण अधिक कठीण होत जाते आणि फाइलींमधला मजकूर शोधण्याचा मार्ग तरीही मिळत नाही. रूपांतर करून सर्व मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, आणि तेही विंडोज १० चालू असतानाच, असे ठरले. घाई टळावी म्हणून मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना दिलेल्या वाढीव सुरक्षा-अद्यतनांच्या योजनेत जुना संगणक नोंदवला. ही योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर सेटिंगांची प्रत ठेवली तर ती विनामूल्य मिळते. अन्यथा मायक्रोसॉफ्टच्या बक्षीस-योजनेतले १००० गुण किंवा ३० डॉलर द्यावे लागतात. अनेक जण हे वर्ष ‘तूर्त काही करायला नको’ म्हणून घेतात. या घराने ते फाइलींच्या आवराआवरीसाठी वापरले.

रूपांतराचे काम बटण दाबून होत नाही, आणि ते का होत नाही हे समजून घेतल्यास चुका कोठे शोधायच्या ते कळते. जुन्या फाँटांत अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ‘निर्णय’ या शब्दात आधी ऱ्हस्व वेलांटी, मग न, मग ण, त्यावर रफार आणि शेवटी य असा क्रम असतो; युनिकोडमध्ये मात्र उच्चाराचा क्रम लागतो, म्हणजे न, वेलांटी, र, हलन्त, ण, य. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी आपल्या व्यंजनानंतर आणि प्रत्येक रफार आपल्या व्यंजनाआधी न्यावा लागतो, आणि मधे जोडाक्षर आले की तो चुकतो. ‘दुसऱ्या’, ‘पुऱ्या’ यांतला अर्धा ऱ आणि ‘सूर्य’, ‘कार्य’ यांतला रफार हा भेद मराठीचा आहे आणि हिंदीला समोर ठेवून बनवलेल्या साधनांत तो हमखास हरवतो. ॲ या अक्षराचेही तसेच. युनिकोडमध्ये त्याला २००८ मध्ये स्वतंत्र स्थान मिळाले, त्यामुळे जुनी साधने ‘अ’वर वेगळा चंद्र चढवतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना एक सापडते आणि दुसरे सापडत नाही. वंशावळीत एखाद्या आडनावाचा शोध घ्यायचा असेल तर हा दोष किरकोळ राहत नाही.

आणखी एक अडचण इंग्रजी शब्दांची होती. आबांच्या लेखांत गॅझेटियरमधले उतारे मूळ इंग्रजीत होते. संपूर्ण मजकूर उचलून रूपांतर-साधनात टाकला की ते उतारेही देवनागरी समजून बदलले जात आणि त्यांचा चुथडा होई. म्हणून मजकुराच्या प्रत्येक तुकड्याचा फाँट तपासून फक्त जुन्या मराठी फाँटातले तुकडे बदलणारा एक छोटा मॅक्रो वर्डमध्ये चालवला. त्याआधी प्रत्येक मूळ फाइलीची फाँट अंतर्भूत केलेली पीडीएफ प्रत काढून ठेवली, म्हणजे मुद्रितशोधन करताना खरा मजकूर कायम समोर राहील. मुद्रितशोधन आबांनी स्वतः केले. यंत्राने केलेले रूपांतर माणसाने वाचेपर्यंत अंतिम धरू नये, हा नियम त्यांनीच घातला आणि तो पाळला.

टंकनाची सवयही याच वेळी बदलली. आबांना टंकलेखन यंत्राची मांडणी येत होती. उच्चारानुसार रोमन अक्षरे दाबण्याची पद्धत त्यांना नातीने सुचवली, पण मराठी लिहिण्यासाठी इंग्रजी स्पेलिंगचा विचार करावा लागणे त्यांना पटले नाही. त्यांनी इनस्क्रिप्ट ही भारतीय लिपींची प्रमाण कळफलक-मांडणी निवडली. या मांडणीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात. क आणि ख, ग आणि घ, त आणि थ, प आणि फ अशा जोड्या एकाच कळीवर बसतात आणि महाप्राण अक्षर शिफ्ट दाबून मिळते. वर्णमाला शिकवलेल्या माणसाला ही रचना लगेच पटते. निवडीच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की इनस्क्रिप्ट विंडोजमध्ये, लिनक्समध्ये आणि मॅकमध्ये जवळजवळ एकसारखेच मिळते. त्यामुळे प्रणाली कोणतीही ठरो, आबांची बोटे मोकळी राहणार होती.

सोडलेले पर्याय

फाइलींचा प्रश्न मार्गी लागल्यावर उरलेली निवड तुलनेने सरळ होती. मॅक मिनी उत्तम यंत्र आहे, पण भारतात एम ४ प्रोसेसरची त्याची किंमत ५९,९०० रुपयांपासून सुरू झाली आणि त्यावर टॅली थेट चालत नाही. क्रोमओएस फ्लेक्स ही गूगलची प्रणाली जुन्या यंत्रावर हलकी चालते. मात्र तिचा सारा भर इंटरनेटवर आहे आणि आबांच्या दीर्घ लेखनाला ती अपुरी ठरली असती. जुन्या संगणकावर अटी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या सर्वत्र सांगितल्या जातात. अशा यंत्रांना अद्यतने मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि हमीच नसेल तर सूनबाईंच्या कामाला ती युक्ती निरुपयोगी. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणाली ठेवण्याचा विचार ११ आणि २० तारखांनी निकाली काढला.

जुन्या संगणकासाठी लिनक्स मिंट ही विनामूल्य, मुक्त प्रणाली घ्यावी असे मी सुचवले. मिंट २२ ही मालिका उबुंटू २४.०४ वर आधारलेली असून तिला एप्रिल २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत, आणि तिची मांडणी विंडोज वापरलेल्या माणसाला परकी वाटत नाही. तरीही कोणाच्या सांगण्यावरून प्रणाली बदलू नये. पेनड्राइव्हवरून मिंट थेट चालवता येते आणि त्यात हार्ड डिस्कला हात लागत नाही, म्हणून आधी घरातली प्रत्येक वस्तू तशीच जोडून पाहिली. आवाज, कॅमेरा, मोबाइलमधले फोटो आणि विंडोजच्या एनटीएफएस स्वरूपातली बाहेरची हार्ड डिस्क बिनतक्रार चालली. यूएसबीचा वाय-फाय अडॅप्टर ओळखला गेला नाही. राउटर त्याच खोलीत असल्याने लॅनची तार ओढली आणि वेगही वाढला. लेझर प्रिंटर मात्र अडून बसला. पानाची आखणी संगणकाकडून करवून घेणारे काही स्वस्त प्रिंटर निर्मात्याच्या स्वतंत्र ड्रायव्हरशिवाय चालत नाहीत आणि लिनक्ससाठी तो मिळाला तरी बेभरवशाचा असतो. ही उणीव खरेदीपूर्वी कळली, यातच त्या चाचणीचे मोल आहे.

निर्णय आणि जोडणी

शेवटी दोन यंत्रे ठेवायचे ठरले. हिशेबाच्या कामासाठी कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेला, दुरुस्त करून विकला जाणारा आठव्या पिढीचा आय-५ डेस्कटॉप विंडोज ११ च्या अधिकृत परवान्यासह घेतला. आबा आणि नात यांच्यासाठी जुना संगणक नवा करून त्यावर मिंट बसवले. दोन्ही टेबलांवर २२ इंची फुल एचडी मॉनिटर आले. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली असल्याने तिला रोमनपेक्षा उभी जागा अधिक लागते. १९ इंची पडद्यावर आबा वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ हे पाहण्यासाठी पुढे वाकत असत.

वापरलेला डेस्कटॉप निवडताना दुकानात बसून काही गोष्टी पाहिल्या. बायोसला, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला, आधीच्या कंपनीचा पासवर्ड नाही ना, एसएसडी (फिरते भाग नसलेली जलद डिस्क) किती तास चालली आहे आणि तिचे आरोग्य काय दाखवते, टीपीएम चालू आहे का, हे आधी तपासले. अशा यंत्रांना मॉनिटरसाठी बहुधा व्हीजीए आणि डिस्प्लेपोर्ट या जोडण्या असतात, एचडीएमआय नसते. मॉनिटर त्यानुसार निवडला. त्यांचा एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, अनेकदा त्या कंपनीच्याच खास जोडणीचा असतो आणि बाजारातला साधा चालत नाही, म्हणून तो पुढे कोठे मिळेल हे दुकानदाराकडून विचारून घेतले. वाढवाढव करण्याची हौस असणाऱ्याने हे यंत्र घेऊ नये. ठरलेले काम शांतपणे करण्यासाठी ते योग्य आहे.

जुन्या संगणकात ५०० जीबीची साटा एसएसडी आणि आणखी एक ४ जीबी रॅमची पट्टी घातली. सहाव्या पिढीच्या काळातल्या काही बोर्डांना डीडीआर ३ एल रॅम लागते आणि काहींना डीडीआर ४, त्यामुळे कॅबिनेट उघडून आधीची पट्टी पाहिल्याशिवाय नवी मागवली नाही. हळूपणाचे मूळ फिरत्या डिस्कमध्ये होते. प्रोसेसर या कामांना आजही पुरून उरतो, आणि एसएसडी बसल्यावर ते घरातल्या सर्वांच्या लक्षात आले. यूपीएसची बॅटरी दोन्हीकडे नवी घातली. हे सारे मिळून खर्च चाळीस हजारांच्या आत राहिला.

विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचे खाते वापरून सुरुवात केली की डिस्क आपोआप कूटबद्ध होऊ शकते आणि तिची पुनर्प्राप्ती-कळ त्या खात्यात साठते. खाते हरवले आणि यंत्र अडले तर टॅलीचा सगळा विदा कुलपात राहील, म्हणून ती कळ कागदावर छापून कपाटात ठेवली. मिंटमध्ये टाइमशिफ्ट या साधनाने प्रणालीच्या प्रती ठरावीक काळाने निघतात, पण त्यांत वापरकर्त्याच्या फाइली मुळात धरलेल्या नसतात. आबांच्या फाइलींची प्रत स्वतंत्रपणे बाहेरच्या डिस्कवर जाते आणि दुसरी प्रत मुलाकडे असते. मिंटबरोबर येणाऱ्या लिबरऑफिस या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये देवनागरीचा फाँट आणि आकार रोमनपेक्षा वेगळ्या रकान्यात ठरवावा लागतो. ते न कळल्याने फाँट बदलूनही मराठी मजकूर बदलत नाही, अशी तक्रार नवखे लोक नेहमी करतात. तेथे ‘मुक्ता’ हा मुक्त परवान्याचा फाँट ठरवून मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली.

काही महिन्यांनंतरची स्थिती अशी आहे. सूनबाईंच्या कामात खंड पडलेला नाही. आबांचे छापायचे लेख पीडीएफ करून सामायिक फोल्डरमध्ये जातात आणि सूनबाईंच्या यंत्राला जोडलेल्या प्रिंटरवरून निघतात. ही सोय तात्पुरती आहे. पुढचा प्रिंटर ड्रायव्हरविना चालणाऱ्या आयपीपी पद्धतीचा घ्यायचा, हे ठरले आहे. नातीच्या शिकवणीची एक परीक्षा विंडोजवरच चालणाऱ्या देखरेख-प्रोग्रॅममधून होते आणि त्या दिवशी ती आईच्या संगणकावर बसते. आबांचे मुद्रितशोधन निम्म्याहून पुढे गेले आहे, आणि एखादे गाव किंवा आडनाव शोधायचे झाले की वीस वर्षांचे लेखन एकाच वेळी चाळता येते, याचा त्यांना होणारा आनंद या साऱ्या खटाटोपाला पुरेसा आहे.

एक गोष्ट कुटुंबाला लेखी देऊन ठेवली आहे. नंतर घेतलेला डेस्कटॉप मायक्रोसॉफ्टच्या यादीतील सर्वांत खालच्या पायरीवर उभा आहे. विंडोजच्या पुढच्या आवृत्तीने अटी वाढवल्या तर पहिल्यांदा तोच बदलावा लागेल. २०१६ चा संगणक मात्र मिंटबरोबर किमान एप्रिल २०२९ पर्यंत निर्धास्त आहे. म्हणून पुढच्या खर्चाची तरतूद हिशेबाच्या यंत्रासाठी करायची आहे, आणि टॅलीचा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहण्याची तालीम दर आर्थिक वर्षाच्या अखेरीस करायची आहे.